अभ्यासक्रमाबाहेरची पद्धत पेपरात लिहिली तर गुण मिळतात का?

प्रश्न नागपुरातल्या एका आईचा आहे. मुलगा दहावीत, राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत. संध्याकाळी तो जेईईच्या फाउंडेशन बॅचला जातो. शाळेच्या सराव परीक्षेत भूमितीच्या पेपरात तीन गुणांचा प्रश्न होता: त्रिकोणाच्या दोन बाजू ५ सेमी आणि ८ सेमी, त्यांच्यामधला कोन ६०°, तर तिसरी बाजू काढा. मुलाने कोसाइनचा नियम (दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन यांवरून तिसरी बाजू देणारे सूत्र) लावला आणि दोन ओळींत ७ सेमी उत्तर काढले. उत्तर बरोबर आहे. गुण मिळाला एक, आणि समासात लाल शाईचा शेरा: ‘पद्धत अभ्यासक्रमाबाहेरची’. घरी येऊन तो म्हणाला, “आई, उत्तर तर बरोबर आलं, मग मार्क काहून कापले?” आईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. शाळेचे बरोबर की मुलाचे? बोर्डात असेच होईल का? आणि परीक्षा होईपर्यंत क्लासमधले सगळे बाजूला ठेवायला सांगू का?

ताई, मी नागपुरात बरीच वर्षे गणित शिकवले आणि दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकाही तपासल्या. त्या आधारावर सांगतो. तो पेपर माझ्या टेबलावर आला असता तर मी तीनपैकी तीन गुण दिले असते. कोसाइनचा नियम खरा आहे, मुलाने तो योग्य ठिकाणी लावला, किमती नीट भरल्या आणि कॉस ६०° म्हणजे १/२ हेही लिहिले. प्रश्नात ‘अमुक पद्धतीने’ असे शब्द नव्हते. मग गुण कापायला आधार उरत नाही. पण माझ्या शेजारी बसलेल्या परीक्षकाने एक गुण कमी केला असता तर त्याचे म्हणणेही मी ऐकून घेतले असते. कारण मुलाने सूत्र कुठून आले हे लिहिलेच नाही, त्याचे नावसुद्धा नाही. दहावीचा परीक्षक उत्तरपत्रिका उघडतो तेव्हा समोरच्या मुलाला हे समजले आहे की क्लासमध्ये पाठ करून घेतले आहे, हे ठरवायला त्याच्याकडे त्या पानाखेरीज दुसरे काही नसते.

इथे मुलाला एक गोष्ट नक्की दाखवा. ज्याला तो क्लासचे खास सूत्र समजतो, ते त्याच्या शाळेच्या पुस्तकात जवळजवळ आहेच. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये पायथागोरसच्या प्रकरणात त्या प्रमेयाचे उपयोजन दिले आहे. त्रिकोण अबक मध्ये कोन ब लघुकोन असेल आणि अड हा बक वर लंब असेल, तर

अक² = अब² + बक² − २ × बक × बड

आता त्रिकोणमितीतली कोसाइनची व्याख्या आठवा. काटकोन त्रिकोण अबड मध्ये बड = अब × कॉस ब. ही किंमत वरच्या ओळीत ठेवली की कोसाइनचा नियम तयार! म्हणजे त्याच पुस्तकातली दोन प्रकरणे एकमेकांना जोडली की तो नियम हाती येतो. मुलाने पेपरात एवढेच लिहायचे होते: लंब काढलेली आकृती, पुस्तकातला निष्कर्ष, बड = अब कॉस ब, आणि मग २५ + ६४ − २ × ५ × ८ × १/२ = ४९. अशा चार ओळी लिहिल्या असत्या तर अभ्यासक्रमाबाहेरचा शेरा लिहायला कोणाला जागाच उरली नसती.

पुस्तकातल्या थेट रीतीने गेले तरी फार लांबचा रस्ता नाही. अब = ५, बक = ८ आणि कोन ब = ६०° धरून लंब अड काढला की ३०°-६०°-९०° त्रिकोण मिळतो. बड = ५/२, अड = ५√३/२, डक = ८ − ५/२ = ११/२. मग अक² = ७५/४ + १२१/४ = १९६/४ = ४९. शाळेच्या सरांना बहुधा हेच पाहायचे होते, कारण ३०°-६०°-९०° चा गुणधर्म आणि पायथागोरस हे दोन्ही एकाच प्रश्नात तपासले जातात. सरांचा हेतू रास्त होता. एकच गुण देणे मात्र जास्त कडक झाले, असे मला मनापासून वाटते. बरोबर विचार करणाऱ्या मुलाला त्या शेऱ्यातून असा निरोप जातो की जास्त माहीत असणे हा गुन्हा आहे.

बोर्डाचे काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. बोर्डाच्या तपासणीत परीक्षकाला नमुना उत्तरे आणि गुणदानाच्या पायऱ्या दिलेल्या असतात, आणि त्याने तपासलेल्या पेपरांवर नियामकाची नजर असते. नमुना उत्तरात एकच रीत छापलेली असली तरी दुसरी बरोबर रीत आली तर तिलाही गुण द्यायचे, ही गणिताच्या तपासणीतली रुळलेली पद्धत आहे. सीबीएसईच्या गुणदान सूचनांतही असेच म्हटले आहे की दिलेले मुद्दे केवळ मार्गदर्शक आहेत, विद्यार्थ्याची मांडणी वेगळी पण बरोबर असेल तर योग्य ते गुण द्यावेत. म्हणून ‘बोर्डात पुस्तकाबाहेरचे लिहिले की शून्य’ ही भीती मुलांच्या मनातून काढून टाका. गुण जातात ते वेगळ्या कारणांनी. ती कारणे नीट समजून घ्यायला हवीत.

पहिले कारण, प्रश्नातले शब्द. ‘क्रेमरच्या पद्धतीने सोडवा’, ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’, ‘वर्तुळकेंद्राचा उपयोग न करता स्पर्शिका काढा’ असे लिहिलेले असते तेव्हा तपासायची असते ती पद्धतच. २क्ष² − ५क्ष + ३ = ० हे समीकरण घ्या. क्लासमध्ये शिकवतात की सहगुणकांची बेरीज शून्य असेल तर एक मूळ १ आणि दुसरे स्थिरपद भागिले पहिला सहगुणक, म्हणून मुळे १ आणि ३/२. अगदी बरोबर आहे, आणि नुसते ‘सोडवा’ म्हटले असेल तर हे कारणासह लिहिता येते: क्ष = १ ठेवल्यास २ − ५ + ३ = ०, म्हणून १ हे मूळ; मुळांचा गुणाकार ३/२, म्हणून दुसरे मूळ ३/२. मुळांचा गुणाकार दहावीच्या अभ्यासक्रमात आहेच. पण प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने’ असेल तर हेच उत्तर लिहून गुण मागता येणार नाहीत. स्पर्शिकेच्या रचनेचेही तसेच. केंद्र जोडून त्रिज्येला लंब काढला तर स्पर्शिका बरोबर येईल, पण प्रश्नाने केंद्र वापरायचे नाही असे सांगितले होते. भूमितीच्या पेपरावर रचनेच्या खुणा पुसू नयेत अशी सूचना छापलेली असते, त्यामुळे कंपास कुठे टेकवला हे परीक्षकाला दिसतेच.

कृतीच्या प्रश्नांत तर वेगळ्या रीतीला जागाच नसते. दहावीच्या ४० गुणांच्या पेपरात दुसऱ्या प्रश्नात दोन-दोन गुणांच्या आणि तिसऱ्यात तीन गुणांची अशा कृती येतात. चौकटी दिलेल्या असतात, त्या चौकटींत जे बसते तेच भरायचे. चौथा आणि पाचवा प्रश्न मात्र नेहमीच्या साच्याबाहेर विचार करायला लावणारे असतात. स्वतःची रीत वापरायची असेल तर ती तिथे वापरावी.

दुसरे कारण जास्त खोल आहे आणि हुशार मुले नेमकी तिथेच सापडतात. जे सिद्ध करायचे तेच आडवाटेने गृहीत धरणे. समजा, पायथागोरसचे प्रमेय सिद्ध करा असा प्रश्न आला आणि मुलाने लिहिले, ‘साइन² थीटा + कॉस² थीटा = १, दोन्ही बाजूंना कर्णाच्या वर्गाने गुणू, सिद्धता पूर्ण.’ दिसायला सुंदर. पण शाळेत ते नित्यसमीकरण आपण पायथागोरसवरूनच सिद्ध करतो. निर्देशक भूमितीतल्या अंतराच्या सूत्राने पायथागोरस सिद्ध करू पाहणेही तसेच, ते सूत्र पायथागोरसचेच रूप आहे. इथे मी गुण देणार नाही, आणि पद्धत अभ्यासक्रमातली आहे म्हणून तिचा बचावही होणार नाही. याउलट अपोलोनियसचे प्रमेय (त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज = मध्यगेच्या वर्गाची दुप्पट + अर्ध्या पायाच्या वर्गाची दुप्पट) निर्देशक भूमितीने सिद्ध केले तर चालते. पायाच्या बाजूचा मध्यबिंदू आरंभबिंदूवर ठेवा, टोके (−अ, ०) आणि (अ, ०) घ्या, शिरोबिंदू (प, फ). दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज (प + अ)² + (प − अ)² + २फ² = २(प² + फ²) + २अ². झाले. पायथागोरस आधीच सिद्ध झालेले आहे आणि अपोलोनियस त्याच्यानंतर येते, म्हणून इथे फिरून त्याच जागी येण्याचा दोष नाही.

त्रिकोणमिती वापरून पायथागोरस सिद्ध करणे मुळातच अशक्य आहे असे मात्र मुलांना सांगू नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या नी’किया जॅक्सन आणि कॅल्सिया जॉन्सन या दोन शाळकरी मुलींनी साइनचा नियम आणि अनंत गुणोत्तर श्रेढी वापरून अशी सिद्धता मांडली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा लेख अमेरिकेतल्या प्रतिष्ठित गणित-मासिकात छापून आला. त्यांच्या सिद्धतेची ताकद हीच की वाटेत कुठेही पायथागोरसचा आधार घेतलेला नाही. वर्गात हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात, आणि ‘गृहीत काय धरले?’ हा प्रश्न ती स्वतःला विचारू लागतात.

अकरावीत गेल्यावर तुमच्या मुलाला याच जातीचा मोठा मोह होणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सीमेच्या प्रकरणात लोपितालचा नियम. शून्य भागिले शून्य आले की वर-खाली विकलन करायचे, उत्तर हजर. हा नियम १६९६ मध्ये छापला गेला आणि अचूक आहे. पण क्ष शून्याकडे जाताना (साइन क्ष)/क्ष ची सीमा काढा, या प्रश्नाला तो लावला तर गडबड होते. साइनचे विकलन कॉस असते हे सिद्ध करताना हीच सीमा लागते. म्हणजे उत्तर वापरून उत्तर काढले. बहुपर्यायी परीक्षेत याने काही बिघडत नाही, लेखी उत्तरात बिघडते. बाकीच्या सीमांना नियम लागू पडत असला तरी अकरावीच्या लेखी परीक्षेत अवयव पाडून किंवा परिमेयीकरण करून मोकळे व्हावे, आणि लोपिताल कच्च्या कामात उत्तर ताडून पाहायला ठेवावा. ‘व्याख्येवरून विकलन काढा’ असे असेल तेव्हा तर सूत्र लिहून चालतच नाही.

तिसरे कारण व्यवहाराचे आहे आणि पालकांच्या लक्षात ते सहसा येत नाही. पाठ्यपुस्तकातली रीत वापरताना मुलगा अर्ध्यात चुकला, तर पुढे काय येणार हे परीक्षकाला ठाऊक असते. इथपर्यंत बरोबर, इतके गुण, असे तो सहज ठरवू शकतो. अनोळखी रीतीत तिसऱ्या ओळीला चिन्ह चुकले तर परीक्षकाला ती रीत आधी समजून घ्यावी लागते, मग चूक कुठे आणि किती मोठी हे ठरवावे लागते. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे, वेळ मर्यादित आहे. चांगला परीक्षक तरीही थांबतो, पण सगळेच थांबतील असे धरून चालू नये. दोन ओळींच्या युक्तीत तर अर्धे गुण द्यायला पायऱ्याच नसतात. उत्तर चुकले की सगळेच गेले. म्हणून माझे विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी सांगायचो, ज्या रीतीत तुझी चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी आहे ती लिही, मग ती कुठलीही असो. एखाद्या मुलाला कोसाइनचा नियम ३०°-६०°-९०° पेक्षा पक्का येत असेल तर त्याने तो चार ओळींत सिद्ध करून वापरावा. ४० गुणांना दोन तास म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे, आणि तीन गुणांच्या प्रश्नाला नऊ. सिद्धतेच्या चार ओळींना त्यातली दोन मिनिटे पुरतात.

सिद्ध करता येत नसेल तर? मग वापरू नये. हा नियम मी कठोरपणे पाळायला लावतो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ १/२ × अब × बक × साइन ब हे सूत्र घ्या. उंची = अब × साइन ब, एवढी एक ओळ लिहिली की ते पेपरात हक्काने वापरता येते. पण चक्रीय चौकोनाच्या, म्हणजे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या, क्षेत्रफळाचे ब्रह्मगुप्ताचे सूत्र? ते सातव्या शतकातले आहे, आपल्याकडचे आहे, अभिमान वाटावा असे आहे. दहावीचा मुलगा मात्र ते परीक्षेत उभ्या उभ्या सिद्ध करू शकणार नाही. त्याने चौकोनाचे दोन त्रिकोण करावेत आणि पुढे जावे. ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने घरी येऊन पडताळा घ्यावा.

कधी कधी आतलीच रीत बाहेरच्या रीतीपेक्षा देखणी असते. परिमिती ४० मीटर असलेल्या आयताचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? फाउंडेशनची मुले लगेच विकलन करून शून्याशी मांडतात, आणि ते कमाल आहे की किमान हे तपासायचे विसरतात. दहावीच्या पूर्ण वर्गाने एका ओळीत होते: क्ष(२० − क्ष) = १०० − (क्ष − १०)². वर्ग ऋण नसतो, म्हणून कमाल १०० चौ. मी., आणि ती क्ष = १० असताना, म्हणजे चौरसासाठी. कमाल असल्याची खात्रीही त्याच ओळीत आहे. असे उत्तर वाचताना मला फार आनंद होतो.

वैदिक गणिताबद्दल नागपुरात हमखास विचारतात. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे सोळा सूत्रांचे पुस्तक १९६५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले आणि त्यांचा आपल्या शहराशी निकटचा संबंध होता, त्यामुळे इथे त्याचे वर्ग घराघराजवळ आहेत. पेपरात गुणाकार-भागाकारासाठी या रीती बिनधास्त वापरा, कारण आकडेमोड कशी केली याला गणिताच्या पेपरात वेगळे गुण नसतात आणि कॅल्क्युलेटरला तर परवानगीच नाही. फक्त मुलाला त्यामागचे बीजगणित दाखवा. ९७ × ९६ म्हणजे (१०० − ३)(१०० − ४) = १००(१०० − ७) + १२ = ९३१२. ही (क्ष + अ)(क्ष + ब) ची विस्तारसूत्राची ओळ आहे. एवढे कळले की रीत त्याची स्वतःची होते. समीकरणे सोडवायच्या तशा युक्त्या मात्र उत्तराच्या भागात नुसत्या लिहू नयेत, तिथे पायऱ्या हव्यात.

‘अभ्यासक्रमाबाहेरचे’ म्हणजे नेमके काय, याचाही एकदा विचार व्हावा. क्रेमरची पद्धत (सहगुणकांच्या चौकटीवरून, म्हणजे निश्चयकावरून, समीकरणे सोडवायची रीत) आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत आहे, सीबीएसईच्या दहावीत नाही. स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचे प्रमेय आपल्या वर्तुळाच्या प्रकरणात आहे, त्यांच्याकडे नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन दहावीच्या मुलांपैकी एकाला जी रीत सक्तीची, ती दुसऱ्याला बाहेरची. सीबीएसईच्या मुलाने क्रेमर वापरून दोन चलांची समीकरणे सोडवली, निश्चयकाची किंमत शून्य नाही हे दाखवले, तर त्याचे गुण कापणारा परीक्षक गणिताला धरून वागत नाही असे मी म्हणेन.

आता तुमचा तिसरा प्रश्न. क्लासमधले विसरायला मुळीच सांगू नका. त्याला एवढीच सवय लावा: क्लासमध्ये नवे सूत्र आले की त्याच दिवशी वहीत ते शाळेच्या पुस्तकातल्या कोणत्या प्रमेयावरून येते ते स्वतः काढून लिहायचे. जे निघाले त्यावर खूण करायची, ते पेपरात चालेल. जे निघाले नाही ते एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि जेईईच्या बहुपर्यायी पेपरांसाठी राखून ठेवायचे. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात, उत्तर कसे आले हे तिथे कोणी पाहत नाही.

आणि शाळेत जाऊन भांडू नका, ताई. मुलालाच पाठवा. सराव परीक्षेचा पेपर आणि वेगळ्या कागदावर चार ओळींची सिद्धता घेऊन त्याने सरांकडे जावे आणि विचारावे, “सर, असं लिहिलं असतं तर चाललं असतं का?” बहुतेक सर हो म्हणतील, आणि पुढच्या वेळी त्याचा पेपर हाती आला की दोन मिनिटे जास्त थांबतील. सराव परीक्षेचे दोन गुण कुठल्याच गुणपत्रिकेत जात नाहीत. बोर्डाच्या निकालात मात्र असा अन्याय झाल्यासारखे वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. नुसती गुणपडताळणी केली तर बेरीज आणि न तपासलेले प्रश्न एवढेच पाहिले जाते. रीतीला गुण मिळाले की नाही हे पुनर्मूल्यांकनातच पुन्हा तपासले जाते, आणि त्यासाठी छायाप्रत हातात असावी लागते. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच मंडळाच्या सूचना वाचून ठेवा.